नापासाची कडू भाकर

नापास झालेल्या पोराला धीर द्यायला आमच्या काळी सबंध गाव यायचं. धीर देऊन गाव परत गेलं की ते पोरगं आधीपेक्षा अर्धं झालेलं असायचं. एक जण सांगायचा, नशिबात नव्हतं. दुसरा सांगायचा, डोक्यात नव्हतं. तिसऱ्यानं तर आधीच सांगितलेलं असायचं. आता ऐकते की अशा लेकरांना समजावायला शाळेत शिकलेली माणसं येतात. येवोत बापडी. माझ्या भावाच्या वेळी जे झालं ते कुणी समजून-उमजून केलं नव्हतं. ते चुकून झालं, आणि म्हणूनच त्याचा उपयोग झाला.

आम्ही शिरड शहापूरचे कुंभार. भाऊ लहान असतानाच बाप गेला. चाकाला बाईनं हात लावायचा नाही असा नियम, त्यामुळे बापामागं चाक भिंतीला टेकवलं ते कायमचं. आई आणि मी हातानं चुली थापायचो. चुलीला बाईचा हात चालतो. अर्ध्या गावाचा स्वयंपाक आमच्या चुलींवर व्हायचा. मी चौथीपर्यंत शिकले, मग लग्न झालं, मग थोड्याच दिवसांत परत माहेरी आले. नवऱ्यानं टाकली असं गाव म्हणायचं. खरं तर मीच निघून आले होते. पण टाकलेल्या बाईला लोक तांब्याभर ताक तरी देतात, निघून आलेलीला तेही देत नाहीत. म्हणून मी कुणाचं बोलणं सुधारत बसले नाही.

भाऊ फार हुशार होता असं नाही. आळशी नव्हता, एवढंच. गावातली शाळा संपल्यावर तो हिंगोलीला गेला. तिथं कुणा दानशूर शेटनं गरिबांच्या पोरांसाठी बोर्डिंग काढलं होतं. दारावर शेटचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि ताटात भाकरी लहान होती. नियम असा, की पास झालं तर राहा, नापास झालं तर पेटी उचला. म्हणजे ज्याला आधाराची जास्त गरज तोच आधी बाहेर. शेट म्हणायचा, नापासावर केलेला धर्म लागू पडत नाही. देवाघरी पण मार्क बघतात, असं त्याला वाटत असावं.

निजामाचं राज्य होतं. मिडलची परीक्षा उर्दूत. आमच्या घरात उर्दू फक्त चावडीवरच्या कागदांपुरती, ती पण दुसऱ्यानं वाचून दाखवलेली. भाऊ बाकी सगळ्यात निघाला आणि उर्दूत राहिला.

त्याच्याबरोबर आमच्या शेजारच्या पिंजाऱ्याचा पोरगा होता. तो हिंगोलीला मशिदीत राहून शिकायचा. तो उर्दूत बरा निघाला आणि हिशेबात गेला. दोघं एकाच गाडीतून परत आले, भर उन्हाळ्यात, मध्ये पेटी ठेवून. पेटी भावाची. पिंजाऱ्याच्या पोराजवळ गाठोडं होतं.

भाऊ उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आक्का, मायला सांग."

"काय सांगू?"

"उर्दूत गेलो."

"मग तूच सांग. मी काय परीक्षेला बसले व्हते?"

त्यानं सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिनं हातातला उंडा परातीत टाकला, तांब्या उचलला, पेटत्या चुलीत पाणी ओतलं आणि भिंतीला पाठ लावून सूर धरला. आईला रडायचा सराव होता. बाप गेला तेव्हा तिचा सूर जसा लागला होता तसाच तो परत लागला. "कसं गं सोडून गेलं," असं ती म्हणत होती. काय सोडून गेलं ते मला कळेना. बोर्डिंग म्हणावं तर ते जागचं हललं नव्हतं, त्यानं भावाला काढलं होतं.

पुढचं समजायचं तर एक सांगायला पाहिजे. आमच्याकडं ज्या घरात माणूस मरतं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी करून नेतात. तिला कडू भाकर म्हणतात. सांजेला ज्या घरावर धूर नाही आणि ज्या घरातून रडणं येतंय, तिथं काय झालंय हे विचारायची पद्धत नाही. विचारणं वाईट दिसतं. भाकरी घेऊन जायचं, आपोआप कळतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून पिंजारीण राहायची. आम्ही तिला खाला म्हणायचो. तिचं स्वतःचं पोरगंही नापास होऊन परत आलं होतं, पण तिची चूल पेटलेली होती. तिनं आमच्या घरावर बघितलं तर धूर नाही. आत आईचा सूर. खालानं पोराला विचारायला पाहिजे होतं, पण पोरगा विहिरीवर आंघोळीला गेला होता. तिनं सुपात ज्वारीचं पीठ घेतलं, वाटीत बेसन घेतलं आणि समोरच्या म्हाताऱ्या तेलिणीकडं गेली. कारण खालाच्या हातचं शिजलेलं आमच्यात खायचे नाहीत. तिच्या जात्यावर दळलेलं पीठ चालायचं, तिच्या घरच्या कापसाची गादी चालायची, बाळंतपणात तिचा हात चालायचा, तिची भाकर तेवढी बाटायची.

"कुंभारन के घर में मयत हुई," खाला तेलिणीला म्हणाली. "तू पका, मैं सामान लाई."

तेलीण म्हणजे आमच्या आळीची चावडी. कोण मेल्यावर किती दिवस काय करायचं हे तिला विचारल्याशिवाय मेलेल्यालाही पुढं जाता येत नसे. तिनं तवा चढवला आणि शेजारणीला हाक दिली. शेजारणीनं तिच्या शेजारणीला दिली. अंधार पडायच्या आत आमच्या दारात अर्धी आळी उभी, बायकांच्या डोक्यावर झाकलेल्या टोपल्या, पुरुषांच्या खांद्यांवर उपरणी, सगळ्यांच्या माना खाली.

दार भावानंच उघडलं. तेलिणीनं त्याला छातीशी धरलं.

"तुला आता कोन रे बाबा," ती म्हणाली.

भाऊ घाबरला. "कोन मेलं?" त्यानं विचारलं.

तेलिणीनं त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. आई जिवंत. मी जिवंत. भाऊ तर तिच्या हातातच होता. आमच्या घरात चौथं माणूस नव्हतं.

"ह्यो नापास झाला वं," आई आतून म्हणाली आणि पुन्हा सूर लावला.

मग मागच्या रांगेतल्या एका काकीनं टोपली डोक्यावरून काखेत घेतली आणि हळूच वळली. तिला वाटलं, कुणी मेलं नाही तर भाकरी घरी नेऊन खावी. तेलिणीनं तिला तिथंच धरलं.

"कुठं चालली?"

"घरी. इथं तर समदे धडधाकट हायेत."

"कडू भाकर माघारी न्हेतीस? मग तुझ्या घरी कोनाच्या नावानं खाशील?"

काकीची टोपली लगेच खाली आली. तिच्यामागं सगळ्यांच्या आल्या. मेलेलं कुणी नसताना आणलेली कडू भाकर घरी परत नेली तर मरण तिच्या वासानं मागं येतं, असं तेलिणीनं सांगितलं. हे तिनं तिथंच रचलं की तिच्या सासूनं रचलं होतं, मला माहीत नाही. पण आळीत कुणाचा धीर झाला नाही. आमच्या ओसरीवर भाकरीची चळत लागली. भाऊ जेवला. बोर्डिंगमधून निघाल्यापासून तो जेवला नव्हता. कुणाच्या मरणावर इतकं मन लावून जेवताना मी कुणाला पाहिलं नाही.

भाकरी आणली तर बसावं लागतं, आणि बसलं तर बोलावं लागतं. मग धीर देणं सुरू झालं.

"शेजारी मुसलमानाचं घर आन् पोरगं उर्दूत नापास," एक जण म्हणाला. "भिताडातून आली असती थोडी."

खाला दाराशी बसली होती. "हमारे बोलने की उर्दू अलग, किताब की अलग," ती म्हणाली. "मैं बैठी तो मैं बी नापास. तू बैठा तो मराठी में बी नापास."

तेवढ्यात पाटील आले. पाटील कडू भाकर घेऊन येत नाहीत, ते नुसते येतात. बाहेरच उभे राहिले. पाटलांचा मुलगाही त्याच परीक्षेत गेला होता, तीन विषयांत. पण तो नापास झाला असं म्हणायचं नव्हतं. त्याची तब्येत बरी नव्हती. तब्येत सुधारायला त्याला परभणीला मास्तर लावून देणार होते.

"रडती काहून?" पाटील आईला म्हणाले. "शिकून कोन मोठं झालं? मडक्याला उर्दू लागत न्हाई. सालगडी पाडव्याला ठरत्यात, पन पाडवा झाला तरी माझ्याकडं एका गड्याची जागा हाये. दे पाठवून सकाळी. दोन टायमाला खाईल, अंगावर कापड मिळंल. घरच्यावानी राहील."

घरच्यासारखं म्हणजे कसं, ते मी पाटलांच्या घरी पाहिलेलं होतं. घरच्यासारखा गोठ्यात झोपायचा.

आईनं सूर थांबवला आणि पदर सावरला. मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि समजले. ती पाठवणार. एकदा सालगडी झाला की संपलं. सालगडी परत शाळेत गेलेला मी तरी ऐकला नाही. परीक्षेला पुढल्या वर्षी परत बसता येत होतं, पण त्यासाठी हिंगोलीत राहायला जागा पाहिजे. बोर्डिंग बंद. आमचा सख्खा मामा हिंगोलीतच होता. त्याची कौलांची भट्टी चांगली चालायची, स्टेशनाच्या बाजूला त्यानं नवीन घर बांधलं होतं. बोर्डिंगमधून निघाल्यावर भाऊ आधी त्याच्याच दारात गेला होता. मामीनं पाणी दिलं आणि म्हणाली, जागा असती तर न्हाई म्हटलं नसतं. नव्या घरात तीन खोल्या होत्या. एका खोलीत नुसती कौलं रचलेली होती. कौलांना जागा होती.

मी तेलिणीकडं वळले. "मावशी, कडू भाकर तर खाल्ली. आता दुखवटा कोन काढायचा?"

तेलिणीनं माझ्याकडं बघितलं. तिला असा प्रश्न विचारलेला फार आवडायचा. "म्हंजे?"

"भाकर खाल्ली म्हंजे घराला दुखवटा लागला का न्हाई?"

"लागला. लागला म्हंजे काय, लागलाच."

"मग न काढता पोरगं पाटलाच्या वाड्यात गेलं तर?"

तेलीण पाटलांकडं वळली. "दुखवट्यातलं पोरगं न्यायचं असलं तर न्या, पाटील. तुमच्या घरात आधीच तब्येत बरी न्हाई."

पाटील दोन पावलं मागं सरकले. म्हणाले, बघू मग, घाई न्हाई. आणि गेले. आयुष्यभर पाटलांना कुणी अडवलं नव्हतं. अडवलं ते न मेलेल्या माणसाच्या भाकरीनं.

आमच्याकडं दुखवटा माहेरच्यांनी काढायचा असतो. बाईच्या भावानं यायचं, घरातल्या पुरुषाला टोपी घालायची, बहिणीला लुगडं नेसवायचं आणि दुखवट्यातल्या माणसाला आपल्या घरी नेऊन गोड जेवू घालायचं. मी सकाळी हिंगोलीला जाणाऱ्या गाडीवाल्याला गाठलं.

"मामाला सांग, बहिणीच्या घरी कडू भाकर झाली. दुखवटा काढायला ये."

"कोन गेलं, विचारलं तर?"

"सांग, मी गाडी हाकतो, मला ठाऊक न्हाई."

"आन् खरंच कोन गेलं?"

"तुला ठाऊक न्हाई ना? मग बरंच हाये."

मामा-मामी आले. मामीनं आळीच्या तोंडापासूनच सूर लावला. कोण गेलं ते माहीत नसल्यानं तिनं कुणालाही बसेल असं रडणं काढलं होतं. "सोन्यासारखं माणूस गेलं गं माय," असं ती म्हणत येत होती. सोन्यासारखं म्हणजे कोण, हे ठरवण्यासाठी ती पदराआडून एकेकाला मोजत होती. आईला पाहिलं, मला पाहिलं, मग तिचा आवाज चढला, कारण आता भाऊच उरला होता. त्याला तिनं नुसतं पाणी देऊन वाटेला लावलं होतं, हे तिला आठवलं असणार. तेवढ्यात भाऊ घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि म्हणाला, "मामी, पाय धुवा."

मामीचा सूर मधेच तुटला. तांब्या तिनं घेतला नाही. हात लावून बघितला, भावाच्या मनगटाला.

मामाला समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा तो पेटला. "नापास झाला म्हून मला भट्टी सोडून बोलावलं? चेष्टा करून राहिले का माझी?" त्यानं टोपीची पुडी परत पिशवीत घातली. "चल गं."

तेलीण ओट्यावर बसली होती. ती उठलीसुद्धा नाही.

"न्हे बाबा. दुखवट्याची टोपी माघारी न्हे. फकस्त सांगून जा, घरी नेऊन कोनाच्या डोक्यावर घालशील?"

मामाला एकच मुलगा होता. भावाहून थोडा लहान. हे सगळ्यांना माहीत होतं आणि मामीला सगळ्यांत जास्त. तिनंच पिशवीतून पुडी काढली आणि मामाच्या हातात दिली. "घाला की वं," ती म्हणाली. मामानं भावाच्या डोक्यावर टोपी घातली, ती इतकी दाबून की कान मुडपले. आईला लुगडं मिळालं. निळं होतं, बरं होतं. तिनं पुढं कितीतरी वर्षं नेसलं.

"आता पोराला घेऊन जा," तेलीण म्हणाली.

"जेवायला नेतो. परवा आणून सोडतो."

"परवा? दुखवटा वर्षाचा असतो. वर्षश्राद्ध झाल्याबिगर सुटत न्हाई."

"कोनाचं वर्षश्राद्ध? कोन मेलं हाये?" मामा आता ओरडत नव्हता, विनवत होता.

खाला आपल्या दारातून म्हणाली, "नापासी की मयत है ना. इसका साल अगली परीक्षा को होता."

तेलिणीनं थोडा विचार केला आणि मान हलवली. हे तिला पटलं. खालाचं बोलणं तिला एरवी कधी पटत नसे.

मामानं भावाला नेलं. मामानं प्रेमानं नेलं, मामीनं लेकासारखं वाढवलं, असं मी लिहिणार नाही. मामीनं त्याला कौलांच्या खोलीत झोपवलं आणि मामानं त्याच्याकडून सकाळ-संध्याकाळ भट्टीवर माती तुडवून घेतली. पण मधल्या वेळात शाळा होती. आणि मामीनं त्याला एकदाही उपाशी ठेवलं नाही. दुखवट्यातलं माणूस उपाशी ठेवलं तर काय होतं, हे तिनं तेलिणीला निघताना विचारून घेतलं होतं.

खालाच्या पोराला कुणी टोपी घातली नाही. त्याच्या घरची चूल पेटलेली होती, त्यामुळे तो नापास झाला हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. तो पुन्हा मशिदीत जाऊन राहिला. सुट्टीच्या दिवशी मामाच्या भट्टीवर यायचा आणि दोघं कौलांच्या ढिगावर बसून एकमेकांना शिकवायचे. खालाच्या पोरानं उर्दू द्यायची, भावानं हिशेब द्यायचा. खालाचा पोरगा मला एकदा म्हणाला, "आक्का, तुमचा भाऊ उर्दू शिकते शिकते मला शिव्या द्यायला पण उर्दूतच लागला. मी त्याला हिशेबात कशा शिव्या देऊ?"

पुढल्या उन्हाळ्यात निकाल लागला. दोघं परत एकाच गाडीतून आले. भाऊ पास झाला होता, काठावर. आईनं ऐकलं आणि ती रडायला लागली. ह्या वेळी आनंदानं, पण सूर तोच, तिला दुसरा येत नव्हता. तव्यावरची भाकरी करपली, जाळ विझला, तिचं लक्ष नाही. थोड्या वेळानं खाला दारात आली. हात रिकामे.

"भाबी, इस बखत पैले पूछती," ती म्हणाली. "कोई मरा क्या?"

"पास झाला वं."

"तो चूल जला. मेरा आटा बचा."

आळीतले लोक पुन्हा आले, कारण पास झालेल्याकडं पण यावं लागतं. ज्यांनी नशिबात नाही म्हटलं होतं ते आता, आम्हाला ठाऊकच व्हतं, म्हणत होते. पाटलांनी निरोप पाठवला की पोरानं पाया पडायला यावं. तो गेला नाही. बोर्डिंगच्या शेटनं म्हणे सभेत सांगितलं की हा आमचा विद्यार्थी. पुढं दोन-अडीच वर्षांत निजामाचं राज्य गेलं, कचेरीत मराठी आली, आणि ज्या उर्दूसाठी हा सगळा खटाटोप केला ती भावाला कधी लागलीच नाही. मिडल पास ह्या दोन शब्दांवर मात्र त्याला कारकुनी मिळाली. ते दोन शब्द कोणत्या भाषेत मिळवले, हे कुणी विचारलं नाही.

खालाचा पोरगा हिशेबात पुन्हा गेला होता. त्या गर्दीत तो आमच्या भिंतीला टेकून उभा होता, गाठोडं पायाशी. त्याला कुणी धीरसुद्धा दिला नाही. त्यानं त्या दिवशीच बापाची कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर घेतली आणि मग ती उतरवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पिठलं केलं, भाकरी थापल्या, टोपलीत झाकून खालाच्या दारात गेले. तिची चूल पेटलेली होती.

"ये क्या?" ती म्हणाली. "मेरे घर में कौन मरा?"

"नापास झालाय ना. कडू भाकर हाये."

तिनं झाकण काढलं, बोटानं पिठलं चाखलं. "नमक ज्यादा है," म्हणाली. "बैठ."

तिनं आपल्या चुलीवरची भाकर काढली, माझं पिठलं तिच्यावर घातलं आणि माझ्यापुढं सरकवलं. पोरगा समोर बसला होता, तो बघत होता मी काय करते. मी खाल्ली. भाकर चांगली होती, आम्हीच थापलेल्या चुलीवरची. आईला मी हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं पुन्हा चुलीत पाणी ओतलं असतं, आणि मग सगळ्या आळीला पुन्हा पिठलं-भाकरी घेऊन यावं लागलं असतं.